एकेचाळीस टक्के

१

माझ्या लॅपटॉपची बॅटरी ऐन कामात मान टाकायची. मी सभांची ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दशः टाइप करते. कुठल्याशा कार्यालयात दहा माणसं एकमेकांवर ओरडतात आणि कोण काय ओरडलं ते मी घरी बसून लिहून काढते. भांडण अगदी रंगात आलेलं असताना माझी स्क्रीन काळी व्हायची. उठून चार्जर लावावा, एवढं साधं काम, पण आमच्या घरात नेमकं तेच जमत नव्हतं.

कारण मावशीचं मशीन. आई गेल्यावर मला आणि माझ्या धाकट्या भावाला मावशीनेच वाढवलं. आता तिची फुफ्फुसं थकली होती. डॉक्टरीणबाईंनी हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडणारं एक मशीन तिच्या खाटेशेजारी बसवलं आणि जाताना मला दाराबाहेर घेऊन सांगितलं, "फार नाही राहिलं आता. काही आठवडे समजा."

घरातली वायरिंग जुनी. ते मशीन आणि माझा चार्जर एकदम लावले की मेन स्विच खाली पडायचा. एकदा पडला होता. मशीनचा आवाज थांबला आणि मावशीने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. ते मी पुन्हा होऊ देणार नव्हते. सकाळी तिला जरा खिडकीपाशी खुर्चीत बसवायची, तेव्हा मशीन बंद असायचं. तेवढ्यात होईल तेवढं चार्जिंग. मग दिवसभर मी आणि ती म्हातारी बॅटरी.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा करून पाहिला, तोंडाने च् च् केलं. "नवी मागवावी लागेल ताई. आली की फोन करतो. तोवर पुरवून वापरा."

पुरवायची कशी, ते भावाने फोनवर शिकवलं. त्याला अक्कल पाजळायला विषय मिळाला की तो खूश असतो.

"स्क्रीनचा उजेड कमी कर. कीबोर्डखालचा दिवा बंद कर. वायफाय बंद, ब्लूटूथ बंद. आणि ते बॅटरी बचतीचं बटण आहे ना, ते कायमचं चालू ठेव."

"एवढं सगळं बंद केल्यावर उरलं काय?"

"तू उरलीस की! कर टाइप."

२

आमच्याकडे वस्तू पुरवायची एक रीत आहे. म्हणजे मावशीची. तेल बाटलीच्या तळाशी गेलं की ती बाटलीवर तळहात ठेवायची आणि लाडीगोडीने सांगायची, "एवढ्यात संपू नकोस गं बाई." गॅसच्या सिलिंडरला सांगायची, साबणाच्या वडीला सांगायची. भावाच्या शाळेच्या बुटांना तर वर्षभर सांगत होती. आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो. पण हसता हसता माझ्याही हाताला ती सवय लागली.

त्या दुपारी भावाने सांगितलेलं सगळं बंद केलं, बचतीचं बटण दाबलं. कोपऱ्यात आकडा होता, एकेचाळीस टक्के. सभेचं अर्धंअधिक रेकॉर्डिंग बाकी होतं. मी लॅपटॉपच्या कोमट अंगावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "एवढ्यात संपू नकोस गं बाई."

आतल्या खोलीतून मावशीच्या मशीनचा आवाज येत होता. घुर्र, मग फुस्स. घुर्र, मग फुस्स. दोन्हींच्या मधल्या शांततेत मी दर वेळी श्वास रोखून बसायचे. माझी मुलगी भिंगरी मावशीच्या पायाशी बसून चित्र काढत होती. खरं नाव दुसरं आहे, पण एका जागी पाय ठरत नाही म्हणून मावशीनेच तिला भिंगरी केलं. अर्ध्या उघड्या दारातून मला दोघी दिसत होत्या, आणि हात तसाच ठेवून मी पुन्हा म्हणाले, "संपू नकोस गं." त्या वेळी मी लॅपटॉपकडे बघत नव्हते.

उजेड कमी होईपर्यंत टाइप केलं. आकडा एकेचाळीसच होता.

३

पहिल्यांदा मला आनंदच झाला. फुकटचं कोणाला नको असतं? दुसऱ्या दिवशीही आकडा तोच राहिला, तेव्हा मात्र मी चक्रावले. मग स्वतःची समजूत घातली की बॅटरी मोजणारं काहीतरी आत बिघडलं असणार, आकडा अडकला असणार. खात्री करायची म्हणून स्क्रीनचा उजेड भरपूर वाढवला, आवाज टिपेला नेला, एक सिनेमा लावून दिला. सिनेमा संपला. एकेचाळीस.

चार्जर गुंडाळून खणात टाकला. नको ती वायर आणि नको ती मेन स्विचची भीती.

साबणाचं लक्षात यायला वेळ लागला. वडीवर कंपनीची अक्षरं कोरलेली असतात, ती दोन-तीन आंघोळींतच पुसट होतात. आमच्या वडीवर ती ठळकच राहिली. मी त्यांवरून अंगठा फिरवून पाहिला, कडा बोटाला लागत होत्या. मला वाटलं, भिंगरी साबण न लावताच आंघोळ उरकत असेल. तिला रागावले, तर तिने माझ्या नाकापाशी हात आणून दाखवला. हाताला साबणाचा ताजा वास होता.

मग दूध. मी पातेलं गॅसवर चढवायची, तिघींचे पेले भरायची, आणि पातेल्यात दूध होतं तेवढंच. मग सिलिंडर. भिंगरीच्या पेन्सिलीचं टोक. घरात काही संपतच नव्हतं, त्यामुळे बाहेर जायचं कारण उरलं नव्हतं, आणि बाहेर जात नव्हते म्हणून आज कोणता वार, हेही मला सांगता येईना. फोनही भावाच्या सांगण्याप्रमाणे बचतीवर टाकला होता, तो मुका होऊन पडलेला असायचा.

कामाचंही काहीतरी विचित्र चाललं होतं. रेकॉर्डिंगमध्ये एक सदस्य बोलायच्या आधी घसा साफ करतात. मी कंसात लिहिते, 'सदस्य खाकरतात.' आणि हे मी आधीही लिहिलंय असं वाटत राहतं. वर जाऊन पाहावं तर नसतं. खाली येऊन ऐकावं तर ते अजून खाकरतच असतात.

भिंगरी मात्र मजेत होती. तिची सुट्टी चालू होती, आणि मनासारखी लांबत होती. तिचा वरचा एक दात हलत होता. जिभेने तो पुढे-मागे करत ती मावशीला सतवायची, "पडला की तुला देणार हं!"

मावशी म्हणायची, "दे की. माझ्याकडे कमीच आहेत."

मावशीची तब्येत बिघडली नव्हती. सुधारलीही नव्हती. डॉक्टरीणबाईंचे आठवडे कधीच होऊन गेले असणार, असं मी मनाशी म्हणायची, आणि त्याच्या पुढचा हिशेब करायचं टाळायची.

४

दुरुस्तीवाल्याचा फोन काही आला नाही. शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून मीच निघाले. खरं तर नवी बॅटरी मला नकोच होती. कुणीतरी जाणकार माणसाने आकडा बघावा आणि "अहो, हे असं होतं कधीकधी" म्हणावं, एवढंच हवं होतं.

कोपऱ्यावर वळले आणि थांबले. दुकानाच्या जागी चष्म्यांचं दुकान होतं. काचेमागे ओळीने फ्रेमा मांडलेल्या. मी मागे जाऊन गल्ली नीट पाहिली. गल्ली तीच होती. पलीकडचा झेरॉक्सवाला नव्हता, पण त्याच्या पायऱ्या होत्या.

आत एक तरुण बाई फ्रेम पुसत होती. मी विचारलं, "इथले लॅपटॉपवाले कुठे गेले हो?"

"लॅपटॉपवाले?" तिने आठवायचा प्रयत्न केला. "हां, ते! त्यांच्याकडूनच सासऱ्यांनी ही जागा घेतली."

"कधी?"

"ते बाई मला नाही सांगता यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे चष्मेच होते." तिने काउंटरखालून उंच होत चाललेल्या एका पोराला बाजूला केलं आणि हसून म्हणाली, "तुम्ही डोळे बारीक करून बघताय. नंबर तपासून घ्या ना."

मी नको म्हणाले. माझा नंबर ठीक होता. माझी गल्ली चुकली होती. सगळ्या गल्ल्या हल्ली सारख्याच दिसतात, माणूस गोंधळणार नाही तर काय? असं स्वतःला बजावत मी जवळजवळ पळतच घरी आले. दार उघडल्याबरोबर ऐकू आलं, घुर्र, मग फुस्स. कधी नव्हे तो त्या आवाजाने मला धीर आला.

५

भाऊ आला तो दुपारी. मी दार उघडलं आणि आधी हसूच आलं. त्याचे केस पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरे झाले होते.

"हे काय रे करून घेतलंस? रंग लाव की जरा."

तो हसला नाही. हातात एक पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. जिना चढून धाप लागली होती त्याला. माझ्याहून धाकटा माणूस!

"तुझा फोन लागत नाही ताई. किती वेळा येऊन गेलो. दार वाजवून वाजवून थकलो."

"काहीतरीच काय! मी घरातच असते."

"आज सहज वाजवलं," तो म्हणाला. "आणि तू उघडलंस." तो माझ्या चेहऱ्याकडे असं बघत होता, की मी नकळत गालावरून हात फिरवला.

तेवढ्यात "मामा!" करत भिंगरी धावत आली आणि त्याच्या कमरेला तिने मिठी मारली. भाऊ भिंतीला टेकला. त्याचा हात तिच्या डोक्यावर ठेवायला निघाला होता तो मध्येच थांबला.

"ही... ही कितवीत आहे गं?" त्याने विचारलं.

"असं काय करतोस? सुट्टी संपली की चौथीत जाईल."

"कुठली सुट्टी?"

मला उत्तर द्यायचं होतं. सोपं उत्तर होतं ते, कोणीही दिलं असतं. माझी मात्र ततपप झाली.

भिंगरीने एव्हाना पिशवीतून ड्रेस काढून अंगाला लावला होता. तो तिच्या पावलांखाली जमिनीवर लोळत होता. मोठ्या बाईच्या मापाचा ड्रेस. "मामाला ना, मापाची अक्कलच नाही!" ती खिदळली. मीही हसले, कारण नाहीतर मला ओरडावंसं वाटत होतं.

"मावशीला भेटतोस ना? आत आहे."

भाऊ आतल्या दाराकडे बघत राहिला. मशीन चालू होतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"मावशी आहे?" त्याने विचारलं.

मग "मी उद्या येतो, नक्की येतो" असं म्हणत तो कठड्याला धरून, एका वेळी एक पायरी, गुडघे सांभाळत खाली गेला. मी हाक मारली, पण त्याने वर पाहिलं नाही.

६

मी मावशीच्या खाटेवर जाऊन बसले. ती जागीच होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हातारा झाला का गं तो?" तिने विचारलं.

मी मानेनेच हो म्हणाले.

तिने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. मी रोज निजताना म्हणते, आज सुटेन. आणि पुन्हा तीच सकाळ, तीच खिडकी. तू काहीतरी धरून ठेवलंयस."

"मी काही नाही केलं मावशी. बॅटरी जरा पुरवत होते."

"नवी बाटली घरात आली की मी जुनीला काय म्हणायचे? ते नाही शिकलीस. संपू नकोस तेवढं शिकलीस." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आता संपलीस तरी चालेल, असं म्हणायचं असतं. नाहीतर तिने किती ओढायचं?"

"मला तू हवी आहेस," मी म्हणाले. लहान मुलीसारखी रडायलाच लागले. पन्नास वेळा घोकून ठेवलेलं शहाणपण त्या क्षणी जराही कामाला आलं नाही.

"मला नको का तू? पण पोरीचा दात बघितलास?" मावशीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता. "हलतोय, हलतोय, आणि पडत नाही. तिला मोठं नको होऊ द्यायला? माझ्यासाठी तिला कशाला अडकवतेस?"

मला तिचं म्हणणं पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच मला तिचा राग आला. बचतीचं बटण बंद केलं तर मावशी जाणार. नाही केलं तर माझी मुलगी कायम हलत्या दाताची राहणार. की हे सगळं माझ्या डोक्यातलं खूळ, आणि बटण म्हणजे नुसतं बटण? तसं असेल तर ते दाबायला माझा हात का उचलत नव्हता, हे मला कुणी सांगावं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मावशीच्या खाटेवर बसले. डाव्या हातात तिचा हात धरला. पलीकडच्या खोलीत दार लावून भिंगरी टेबलाखाली बसून स्वतःशीच एक गाणं म्हणत होती, तिचं तिने रचलेलं, ज्यात दर ओळीला एक मांजर येतं.

मावशी म्हणाली, "कर."

मी तळहात लॅपटॉपवर टेकला. "आता संपलीस तरी चालेल गं बाई." आणि बटण बंद केलं.

काही झालं नाही. मशीन चालू होतं, मांजराचं गाणं चालू होतं. मी खुळी ठरले म्हणून मला इतकं हायसं वाटलं, की मी हसून मावशीकडे वळले. तेवढ्यात आकडा चाळीस झाला. मावशीने डोळे मिटले. एक श्वास आत गेला. तो बाहेर आला, तो पुष्कळ वेळ येतच राहिला, आणि मग पुढचा आत गेला नाही.

मशीन मात्र घुर्र, फुस्स करत राहिलं. मी तिच्या कपाळाला कपाळ लावून रडले. मनसोक्त रडले. तिला जे हवं होतं ते झालं होतं. माझं काळीज फाटत होतं, तरी कुठेतरी बरोबर वाटत होतं.

डोळे पुसून पाहिलं तर आकडा चौतीस होता. बघता बघता तेहेतीस झाला.

एवढ्यात? मावशी तर गेली होती. आता काय संपत होतं?

पलीकडे गाणं चालूच होतं. मी कान दिला. शब्द तेच होते, मांजर तेच होतं, पण आवाज खाली उतरला होता. तीस. जरा जाड झाला. सत्तावीस. गाणाऱ्याला आपल्याच आवाजाचं नवल वाटावं तसं गाणं अडखळलं, पुन्हा सुरू झालं, आणि एका मांजरापाशी थांबलं. मग धप्पकन काहीतरी आपटलं. कुणाचं तरी डोकं किंवा कोपर, पुरेशी जागा नसलेल्या ठिकाणी.

"आई?"

ती भिंगरी नव्हती. ती एक बाई होती. आणि आवाज हुबेहूब माझ्यासारखा होता.

मला वाटत होतं मी काही आठवडे धरून ठेवले होते. फार तर काही महिने. भावाचे केस मी पाहिले होते, तो ड्रेसही मी पाहिला होता, आणि तरी माझ्या डोक्यात तो हिशेब शिरला नव्हता. ते सगळे दिवस गेले नव्हते, साठले होते. आणि आता ते एकदम माझ्या मुलीच्या अंगावरून चालले होते.

मी बचतीचं बटण शोधायला लागले. पंचवीस. चोवीस. स्क्रीन धूसर दिसत होती, अक्षरं लागत नव्हती. कीबोर्डवर धडपडणारा हात मला मावशीचा वाटला, शिरा वर आलेला, काळे ठिपके पडलेला. पण मावशीचा हात तर माझ्या डाव्या हातात गार पडत चालला होता.

एकवीस. वीस. बटण सापडलं. मी ते दाबलं आणि लॅपटॉपवर सगळा भार टाकून ओरडले, "संपू नकोस, संपू नकोस गं!"

एकोणीस.

तो तिथे थांबला. मशीनही कधीतरी थांबलं होतं, मला कळलं नव्हतं. घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दाराच्या खालच्या फटीत उजेड होता, आणि त्या उजेडात दोन पावलं उभी होती. मोठी, जडशी, एकमेकांवर घासणारी. बिचकली की भिंगरी अशीच उभी राहते.

"आई, मला काय झालंय?" आवाज रडवेला होता. "माझे हात बघ ना. आई, मी बाहेर येऊ?"

आतून कडीला हात लागल्याचा आवाज झाला. तिला कुशीत घ्यावं म्हणून मी खाटेवरून उठलेसुद्धा होते. ती माझीच मुलगी होती आणि घाबरलेली होती, आणि त्या घरात आता तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पण तिला पाहिलं, की माझी भिंगरी गेली हे खरं झालं असतं.

"नको," मी म्हणाले. "बाहेर येऊ नकोस."